टेसीचा दगड

ओबदाया क्रेन आज येणार हे ठाऊक असूनही मॉर्डेकायने मुरंब्याचा दिवस बदलला नाही. सफरचंदं कुणासाठी थांबत नाहीत, असं टेसी म्हणायची. टेसी, त्याची बायको, भर हिवाळ्यात गेली. सफरचंदं तिच्याशिवायही पिकली, आणि त्याचा मॉर्डेकायला मनातून थोडा रागच आला होता.

अंगणात चुलाणावर तांब्याचा मोठा हंडा चढला होता. रस पहाटेपासून आटत होता, त्यात आता फोडी पडल्या होत्या. मॉर्डेकायची मुलगी फीबी लांब दांड्याच्या उलथण्याने ढवळत होती. मुरंब्याचं एकच शास्त्र असतं, हात थांबवायचा नाही. थांबला की तळाला लागलाच. मॉर्डेकाय चुलीत लाकडं सारत होता. जिल्ह्याच्या कोर्टाचा न्यायाधीश, इंग्रज वसाहतीच्या असेंब्लीत सोळा वर्षं निवडून आलेला माणूस; त्याच्या दाढीत राख गेली होती.

एबेल घोडीवरून आला तोच बोलत आला.

"बाबा, तू दगड काढला नाहीस. मी आत्ता कुंपणावरून बघून आलो."

"आधी घोडी बांध. मग भांड."

"मी भांडत नाहीये. सांगतोय. पुढच्या आठवड्यात असेंब्लीची निवडणूक आहे. यादीत तुझं नाव आहे, आणि पहिल्यांदा माझं आहे. मत देणाऱ्या दहा माणसांतले आठ आपल्या सभेचे. सभेने तुला काढून टाकलं तर त्या आठांनी काय करायचं?"

"ज्याला पटेल त्याला मत द्यायचं. त्यासाठीच निवडणूक असते."

"पाण्यात राहून माशाशी वैर करतोस तू."

"मासा माझ्याशी करतोय," मॉर्डेकाय म्हणाला. "मी आपला पाण्यात बसलोय."

फीबी हसली. एबेलने तिच्याकडे रागाने पाहिलं. "तुला हसू येतंय. परवा सभेपुढे, रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा उभं राहून सायलसशी लग्न करायचं आहे असं तुला सांगायचंय. आणि सायलसचा बाप कोण? ओबदाया. दगड काढा म्हणून घरी येणारा कोण? तोच ओबदाया. बेरीज तुला येते की मी करून देऊ?"

फीबीचं हसणं गेलं. पण हात थांबला नाही.

दगड गुडघ्याएवढा होता, ओढ्याकाठचा करडा दगड. त्यावर टेसी एवढीच अक्षरं. साल नाही, वय नाही, बायबलमधलं वचन नाही. दुसऱ्या कुठल्या पंथात अशा दगडाकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण मॉर्डेकायची सभा क्वेकरांची, साध्या राहणीच्या आणि युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची; त्यांच्या दफनभूमीत दगड लावत नाहीत. न्यायाधीश असो की मोलकरीण, ज्या क्रमाने मेला त्या क्रमाने ओळीत पुरायचा आणि वर गवत वाढू द्यायचं. टेकडीवरच्या त्या दफनभूमीत तीन पिढ्या झोपल्या होत्या आणि दगड एकच होता.

गाडीचा आवाज आला. सायलस हाकत होता. शेजारी ओबदाया क्रेन, सभेचा ज्येष्ठ, पाठीचा कणा ताठ. मागच्या फळीवर आणखी कुणीतरी होतं. सभा समज द्यायला दोघांना पाठवते; दुसरं माणूस कोण हे मॉर्डेकायला कुणी सांगितलं नव्हतं. ते माणूस घागरा सावरत खाली उतरलं तेव्हा त्याच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

ती केझाया होती. त्याची थोरली बहीण.

"तू?"

"मीच," केझाया म्हणाली. "सभेने नाव घेतलं. मी नाही म्हटलं असतं तर हॅनाला पाठवलं असतं. ती आधी रडते आणि मग जेवायला थांबते."

"आणि तू?"

"मी रडत नाही. जेवायला काय आहे?"

"मक्याची भाकरी आणि थंड डुकराचं मांस."

"टेसी असती तर गरम मिळालं असतं," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले.

अंगणात बाकं मांडली. कुणी टोपी काढली नाही, कुणी वाकलं नाही. त्या लोकांत गव्हर्नरलाही तू आणि गाडीवाल्यालाही तूच. सगळे बसले आणि गप्प झाले. कामाचं बोलायच्या आधी शांत बसायचं ही रीत. शब्द वरून यायला हवा, नाहीतर तो फक्त आवाज. मॉर्डेकाय डोळे मिटून बसला, पण त्याला वरून काही आलं नाही. हंड्याच्या तळाला उलथणं घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग ओबदाया उभा राहिला.

"मित्रा मॉर्डेकाय, सभेला तुझी काळजी आहे. तीन महिने झाले, तुला दोनदा सांगितलं. आम्ही मेलेल्यांमध्ये लहानमोठं करत नाही. तू करतोयस. परवाच्या आत दगड काढ. नाहीतर सभा तुला आपला मानणार नाही. हे सांगताना मला आनंद होत नाही."

"माहीत आहे. तुला आनंद होताना मी कधी पाहिला नाही."

सायलसने खाली पाहिलं. ओबदायाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"तू चेष्टा कर. हिवाळा सरता सरता गव्हर्नरचा माणूस ह्याच अंगणात आला होता. असेंब्लीत युद्धाच्या पैशाला हो म्हण, नाहीतर न्यायाधीशाची खुर्ची जाईल, असं म्हणाला. तू नाही म्हणालास. त्या दिवशी तुझा हात धरून शाब्बास कोण म्हणालं?"

"तू."

"मीच. कारण तू मनाला पटेल तसं वागलास."

"मग आज काय वेगळं करतोय? गव्हर्नरपुढे वाकलो नाही तेव्हा शाब्बास, तुझ्यापुढे वाकलो नाही तर हट्टी. ओबदाया, वाकायला शिकायचंच असतं तर मी गव्हर्नरकडे शिकलो असतो. त्याच्याकडे निदान खुर्ची चांगली होती."

"मी तुला माझ्यापुढे वाकायला सांगत नाही."

"मग कुणापुढे?"

"तुझ्या बापाने आणि माझ्या बापाने मिळून जे ठरवलं त्यापुढे."

एबेल मध्ये पडला. तो असेंब्लीत जाण्याआधीच असेंब्लीतल्यासारखं बोलायला शिकला होता. "मला एक सुचतंय. दगड काढायचा नाही. आडवा करायचा. वीतभर खाली घ्यायचा आणि वर माती ओढून गवत लावायचं. बाबाला ठाऊक की तो तिथे आहे. सभेला दिसणार नाही. झाकली मूठ राहील, दोघांचंही मन राहील."

ओबदाया लगेच नाही म्हणाला नाही. तो विचार करत होता, आणि एबेलला ते दिसलं. त्याने उत्साहाने आत्याकडे पाहिलं. केझाया नेहमी त्याच्या बाजूची असे. लहानपणी त्याला खोड्यांतून तिनेच सोडवलं होतं.

"एबेल," केझाया म्हणाली, "दगड चूक असेल तर काढायचा. बरोबर असेल तर ठेवायचा. पुरून ठेवायला तो काय चोरलेला डुकराचा पाय आहे?"

"आत्या, मी मार्ग काढतोय."

"तू मतं काढतोयस."

एबेल लाल झाला. मॉर्डेकायने बहिणीकडे आश्चर्याने पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "इतका खूश होऊ नकोस," ती त्याला म्हणाली. "मी सभेकडून आले आहे. मला दगड पटत नाही."

"बाबा," फीबी ढवळता ढवळता म्हणाली, "तू आम्हांला कधी सांगितलंच नाहीस. का लावलास?"

हे सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सांगितलं तर लोक हसतील, आणि हसले तर ते त्याला सोसणार नाही असं त्याला वाटत होतं. पण पोरीने सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"हिवाळाभर मी प्रार्थना झाली की तुझ्या आईपाशी जाऊन उभा राहायचो. बर्फ होतं. सगळे उंचवटे सारखे दिसायचे. अंदाजाने उभा राहायचो आणि बोलायचो."

"काय बोलायचास?"

"गाय व्याली ते. तू सायलसला हो म्हणालीस ते. गव्हर्नरचा माणूस काय म्हणाला ते. बर्फ वितळलं तसं एक दिवस पिपेवाल्या जेडेडायाची म्हातारी येऊन शेजारी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. माझा हात धरला आणि म्हणाली, मित्रा मॉर्डेकाय, माझ्या नवऱ्यावर तुझा इतका जीव होता हे मला कधी कळलंच नाही."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग केझायाच्या नाकातून आवाज निघाला.

"जेडेडाया?" ती म्हणाली. "ज्याला तू दोनदा दंड केलास?"

"तीनदा. दोनदा दारूसाठी, एकदा पिपं मापात लहान म्हणून."

"आणि तू त्याला…"

"सगळं. आमच्या लग्नाच्या वर्षीचंसुद्धा."

केझाया हसली. फीबी हसली, सायलस तोंडावर हात धरून हसला, एबेललाही राहवलं नाही. मॉर्डेकायलाही हसू आलं, आणि त्याला नवल वाटलं की ते सोसलं. मग हसणं आपोआप ओसरलं आणि कुणी कुणाकडे पाहीना.

"तीस वर्षं मी जमिनीच्या हद्दींचे खटले ऐकतो," तो म्हणाला. "ह्याचा ओढा कुठे, त्याचं ओकाचं झाड कुठे. दोन हात जमिनीसाठी माणसं माझ्यासमोर शपथेवर खोटं बोलली. आणि माझी बायको कुठे आहे ते मला सांगता येईना. घरी आलो. माझ्या बिछान्यात ती नाही, आणि बाहेर कुठे आहे तेही ठाऊक नाही. असा हरवलेला माणूस तुम्ही पाहिलाय?"

"मग जागा सापडली कशी?" ओबदायाने विचारलं.

मॉर्डेकाय उठून चुलीत लाकूड सारू लागला.

"मी दाखवली," केझाया म्हणाली.

ओबदाया तिच्याकडे वळला. "हे तू सभेला सांगितलं नाहीस."

"सभेने विचारलं नाही. पुरताना मी अक्रोडाच्या झाडाला पाठ लावून उभी होते, पाय दुखत होते म्हणून. त्यामुळे लक्षात राहिलं. भावाने विचारलं, मी दाखवलं. दगड मी आणला नाही."

ओबदाया पुन्हा बाकावर बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज आधीपेक्षा हळू होता.

"मॉर्डेकाय, माझ्या आजोबांना इंग्लंडात पंथापायी तुरुंगात नेलं तेव्हा चर्चच्या आतून नेलं. पायाखाली सरदारांच्या थडग्यांचे संगमरवर. प्रत्येकावर नाव, पदवी, तलवार. त्याच गावात गरिबांना चुन्याच्या खड्ड्यात टाकत. आजोबा म्हणायचे, आपण असं करायचं नाही. मेल्यावर तरी सगळे एका मापाचे. आज तुझा दगड गुडघ्याएवढा. तू साधा माणूस आहेस, मला माहीत आहे. पण तुझा पाहून दुसरा लावेल, तो कमरेएवढा. तिसरा बाहेरून कारागीर आणेल. आणि जेडेडायाच्या म्हातारीने काय लावायचं? फुटकं पीप?"

मॉर्डेकाय उत्तर शोधत होता हे सगळ्यांना दिसलं. कोर्टात तो असाच शोधायचा, खाली पाहत, अंगठ्याने दाढी चोळत.

"कोर्टात असतो," शेवटी तो म्हणाला, "तर निकाल मी तुझ्या बाजूने दिला असता. तुझं म्हणणं बरोबर आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"मग?"

"मग काही नाही. दगड राहील."

"बरोबर आहे म्हणतोस आणि राहील म्हणतोस?"

"हो. मी इथे न्यायाधीश नाही, ओबदाया. बाजू हरलेला माणूस आहे. हरलेला माणूस प्रत्येक वेळी घरी जाऊन निकाल पाळतोच असं नाही. मला विचार, मी तीस वर्षं पाहतोय. काढा मला सभेतून. तरी मी दर आठवड्याला येऊन मागच्या बाकावर बसेन. तिथून तुम्ही मला उठवू शकत नाही, कारण कुणाला हात लावायचा नाही ही तुमचीच रीत आहे."

एबेल उठून उभा राहिला. "बाबा, पुरे!"

ओबदायाही उठला. त्याने टोपी सरळ केली. "मग जे मला सांगायचं नव्हतं ते सांगतो. परवा सायलस आणि फीबी उभे राहतील तेव्हा सभा दोघांच्या आईबापांची संमती विचारेल. मी नाही म्हणेन. जे घर सभेचं ऐकत नाही त्या घरात मी मुलगा देणार नाही. दगड गेला तर त्याच दिवशी हो म्हणेन. मनापासून म्हणेन. फीबी चांगली मुलगी आहे."

उलथण्याचा आवाज थांबला.

मॉर्डेकायने फीबीकडे पाहिलं. ती टेसीसारखी दिसत नव्हती, नाक त्याचंच होतं. पण धक्का बसला की टेसी अशीच खालचा ओठ आत ओढून धरायची. सायलस बाकाच्या टोकाला धरून उभा होता. चोवीस वर्षांचा धिप्पाड माणूस, पण बापासमोर त्याच्या तोंडाला कुलूप.

मॉर्डेकाय गोठ्याकडे गेला आणि पहार घेऊन आला.

"बाबा?" फीबी म्हणाली.

"काढतो," तो म्हणाला. "माझं मी सोसलं असतं. तुझं नाही."

तो टेकडीकडे चालू लागला. ओबदाया मागून गेला, मग एबेल, मग केझाया दम खात. फीबी क्षणभर हंड्याशी उभी राहिली, मग उलथणं तसंच टाकून धावली. अर्ध्या वाटेवर मुरंबा लागल्याचा करपट वास सगळ्यांच्या नाकात शिरला. मागे कुणी फिरलं नाही.

दफनभूमीला कमरेएवढी दगडी भिंत होती. आत नुसतं गवत, कडेला अक्रोडाचं झाड, आणि झाडापाशी तो एक दगड. पहार टेकवण्याआधी मॉर्डेकायने दगडावर हात ठेवला. उन्हाने तो गरम झाला होता. मग त्याने पहारीचं टोक एका बाजूने खाली घुसवलं आणि दाबलं. माती सुटली. दगड थोडा उचलला गेला आणि कलला.

फीबी त्या दगडावरच बसली.

"ऊठ."

"नाही."

"फीबी, मी तुझ्यासाठी करतोय."

"मला विचारून? तू गव्हर्नरला नाही म्हटलंस, सभेला नाही म्हटलंस, आणि माझ्या नावावर हो म्हणतोस? उद्या कुणी विचारलं की न्यायाधीश ट्रेन्थम कुणापुढे वाकला, तर लोक काय सांगतील? पोरीच्या लग्नापुढे. मला नको हे. मी माझ्या संसारात रोज ह्या दगडाला उत्तर देत बसणार नाही."

"लग्न मोडेल."

"मोडायचं असेल तर मोडेल. ते सायलसने सांगायचं. त्याच्या बापाने नाही, माझ्या बापाने नाही."

सगळ्यांनी सायलसकडे पाहिलं. तो भिंतीपाशी उभा होता. तो आत आला, गवतात पाय जपून टाकत. पायाखाली कोण आहे हे ठाऊक नसलेली माणसं तिथे तशीच चालतात.

"बाबा," तो ओबदायाला म्हणाला, "आई कुठे आहे?"

"देवापाशी."

"ते मला माहीत आहे. इथे कुठे आहे?"

ओबदायाने ओळींकडे पाहिलं. त्याची नजर भिंतीकडे गेली, तिथून मधल्या उंचवट्याकडे, तिथून परत. सायलस चार वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. वीस वर्षांत जमीन खचली होती, सपाट झाली होती. भिंतीचा एक भाग पडून नवा बांधला होता.

"मला माहीत नाही," ओबदाया म्हणाला.

त्याने टोपी खाली ओढली.

"मलाही माहीत नाही, सायलस. मी सोसलं ते. पहिल्या वर्षी मला वाटलं मी वेडा होईन. झालो नाही. मी सोसलं, म्हणून मॉर्डेकायला सांगायचा मला हक्क आहे."

त्याचा आवाज फाटला होता. मॉर्डेकायला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. वीस वर्षं दर आठवड्याला प्रार्थनेला तो ह्या माणसाशेजारी बसला होता आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तो जागचा हलला नाही. हललो तर पहार पुन्हा दाबावी लागेल, असं त्याला वाटलं.

"तू सोसलंस," सायलस म्हणाला. "पण मला विचारलं नाहीस. मी पण इथे येतो. पोरगा होतो तेव्हापासून येतो. कुठे उभं राहायचं ते न कळून त्या फाटकाशी उभा राहतो आणि परत जातो." तो थांबला. इतकं एका दमात तो आयुष्यात बोलला नव्हता. "परवा तू हो म्हणशील?"

"दगड आहे तोवर नाही."

"बरं," सायलस म्हणाला, आणि मॉर्डेकायकडे वळला. "तू अजून न्यायाधीश आहेस ना?"

"गव्हर्नर न्यायाधीशांची नवी यादी काढेपर्यंत."

"मग लग्न तू लाव. कायद्याने."

एबेलने कपाळाला हात लावला. ओबदायाने डोळे मिटले.

"दोघं नीट ऐका," मॉर्डेकाय म्हणाला, आणि त्याचा आवाज आपोआप कोर्टातला झाला. "सभेबाहेर, न्यायाधीशासमोर लग्न केलं तर सभा तुम्हां दोघांना काढते. सूट नाही. प्रार्थनेला बसता येईल, पण सभेत तुमचा शब्द नाही. पोरं होतील ती सभेची नसतील. अडीनडीला सभा धावून येणार नाही. सायलस, बापाने तुला जमीन दिली नाही तर ती मागता येणार नाही."

"कळलं," सायलस म्हणाला.

"फीबी?"

"कळलं. आजच लाव."

"आज नाही. कायद्याप्रमाणे आधी महिनाभर दारावर नोटीस लावावी लागते. माझी मुलगी आहे म्हणून एक दिवसही कमी होणार नाही."

"कुठल्या दारावर?"

"कोर्टाच्या. नाहीतर प्रार्थनाघराच्या. कायद्याला दोन्ही चालतात."

फीबी दगडावरून उठली. "प्रार्थनाघराच्या," ती म्हणाली. "परवा सगळे येतील. येताना वाचतील."

मॉर्डेकायला तिला थांबवायचं होतं. असं करू नये, जखमेवर मीठ चोळू नये, असं म्हणायचं होतं. पण तिच्याकडे पाहताना त्याला अभिमानच वाटला. हे मी हिला शिकवलं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, मी नाही, टेसीने. टेसी आवाज न चढवता असंच करायची. समोरच्याला त्याच्याच दारात उत्तर द्यायची.

"बाबा, निवडणूक," एबेल म्हणाला.

"तुझं नाव राहू दे. माझं काढून टाक. लोकांना सांग की बापाशी तुझं पटत नाही. खोटं नाही ते."

एबेल वळला आणि भिंतीबाहेर गेला, आणि थोड्या वेळाने सगळ्यांना दिसलं की तो अंगणात ओबदायाची गाडी जुंपतोय. मॉर्डेकायला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

ओबदायाने मुलाकडे पाहिलं. मुलाने नजर चुकवली नाही. मग तो केझायाकडे वळला. "आपल्याला परवा सभेला सांगायचं आहे. तू लिहिशील की मी?"

केझाया अक्रोडाच्या झाडाला पाठ लावून उभी होती. तिचे पाय आजही दुखत होते. चाळीस वर्षं ती सभेत उभी राहून बोलत होती. तिचा शब्द ऐकायला दहा-दहा मैलांवरून बाया येत. ती नसती तर बायकांच्या बाजूला अर्धी बाकं रिकामी राहिली असती.

"तूच लिही," ती म्हणाली. "लिही की समज दिली. लिही की मॉर्डेकाय ट्रेन्थमने ऐकलं नाही."

"बरं."

"आणि त्याच्या खाली लिही की केझायानेही ऐकलं नाही."

"केझाया! तुला तर दगड पटत नाही."

"नाही पटत. अजूनही नाही. पण तो काढायला मी हात लावणार नाही, आणि दुसऱ्याला लावू देणार नाही. हे दोन्ही लिही. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिही."

ओबदाया चिडला नव्हता. फाटकाकडे जाताना तो सरळ वाटेने गेला नाही, भिंतीच्या कडेकडेने गेला. मधे एका ठिकाणी त्याचा पाय रेंगाळला. मग तो बाहेर पडला.

मॉर्डेकायने पहार काढून बाजूला ठेवली. सुटलेली माती हाताने परत लोटली आणि टाचेने दाबली. फीबीने दुसऱ्या बाजूने दाबली. सायलसने आपल्या मोठ्या बुटाने दोन दणके दिले.

दगड थोडा कललेलाच राहिला होता.

"सरळ करू का?" सायलसने विचारलं.

"नको," मॉर्डेकाय म्हणाला. "हात लावायचा नाही असं ठरलंय आता."